शब्द इथे काय करतोय?

आई-बाबांनो, आधी एक दिलाशाची गोष्ट सांगते. 2016 च्या मे महिन्यात इंग्लंडचे शाळाखात्याचे मंत्री निक गिब बीबीसीच्या रेडिओवर मुलाखत देत होते. तिकडे 2013 पासून दहा-अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची परीक्षा देशभर घेतात. ती किती गरजेची आहे हे लोकांना पटवून देणं, हेच त्यांचं त्या दिवशीचं काम. बोलता बोलता मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे एक वाक्य टाकलं : 'आय वेंट टू द सिनेमा आफ्टर आय हॅड ईटन माय डिनर.' यातला 'आफ्टर' कोण? प्रिपोझिशन की सबऑर्डिनेटिंग कंजंक्शन? मंत्री म्हणाले, प्रिपोझिशन. त्यांच्याच परीक्षेच्या हिशेबानं उत्तर चूक. वर्तमानपत्रांनी ती बातमी चवीनं छापली.

गंमत अशी की, मंत्र्यांचं उत्तर परीक्षेला चाललं नाही तरी भाषाशास्त्रातल्या काही मोठ्या मंडळींना ते चालतं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी 2002 साली केंब्रिजतर्फे इंग्रजीचं भलंथोरलं, अठराशेहून जास्त पानांचं व्याकरण काढलं. त्यात हा 'आफ्टर' सरळ प्रिपोझिशनमध्येच बसवलेला आहे. म्हणजे ज्यांची ही मातृभाषा, त्यांच्या परीक्षकांचं आणि पंडितांचंही रोजच्या एका साध्या शब्दावर एकमत नाही. तेव्हा रात्री साडेनऊला, उद्या युनिट टेस्ट असताना, लेकीनं वही पुढे करून 'बाबा, यात ॲडव्हर्ब कुठलं?' असं विचारलं आणि तुमची बोलती बंद झाली, तर त्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही.

महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तुमच्यातले बरेच जण त्याआधी शाळेत गेलेले. मराठी शाळेत पाचवीला पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, आठवी-नववीत सरांनी फळ्यावर लिहून दिलेल्या व्याख्या पाठ केल्या, दहावीला त्या पेपरात उतरवल्या आणि विषय संपला. आता मूल सेमी-इंग्रजीत आहे किंवा थेट इंग्रजी माध्यमात. ते अभ्यास घेऊन आलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : 'आमचं इंग्रजी कच्चं आहे रे, क्लासच्या मॅडमना विचार.' पालकसभेतही तेच. मला हे कधी पटलेलं नाही. शब्दाची जात ओळखायला फाडफाड इंग्रजी बोलता यावं लागत नाही. वाक्याकडे नीट बघता यावं लागतं, आणि ते काम तुम्ही दिवसभर मराठीत करत असता.

'वर' हा शब्द घ्या. जिन्याखालच्या मुलाला तुम्ही ओरडून सांगता, 'वर ये.' इथे 'वर' यायचं कुठे ते सांगतो, त्याचा संबंध येण्याशी. 'झाडावर माकड आहे' म्हणताना तोच 'वर' झाडाला जोडला जातो आणि माकड झाडाच्या कुठल्या बाजूला ते दाखवतो. आणि लग्नपत्रिकेतला वर? तो घोड्यावर बसून येतो. पहिला क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगी, तिसरा नाम. तुमच्या घरातलं तीन वर्षांचं पोरसुद्धा यात कधी गोंधळत नाही, कारण ते एकट्या शब्दाकडे बघतच नाही. 'पण'चंही तसंच. 'मी पण येणार' मधला पण, 'येईन, पण उशिरा' मधला पण आणि राजा जनकानं लावलेला पण, या तिघांची कामं तीन.

इंग्रजी नेमकं असंच चालतं, फक्त जास्त सढळपणे. 'कम इन' मध्ये 'इन'च्या पुढे काही नाही, तो येण्याला जोडलेला, म्हणून ॲडव्हर्ब. 'इन द रूम' मध्ये त्याच्यापुढे खोली उभी आहे, म्हणून प्रिपोझिशन. 'लुक अप' आणि 'अप द स्टेअर्स', 'सिट डाउन' आणि 'डाउन द रोड', सगळीकडे तीच खूण. शब्दाच्या पुढे बघा : नाम आलं तर प्रिपोझिशन, काहीच नाही तर ॲडव्हर्ब, आणि कर्ता-क्रियापद असलेलं आख्खं वाक्य आलं तर शाळेच्या भाषेत कंजंक्शन. मंत्र्यांचा 'आफ्टर' आता सोडवून पाहा. 'आफ्टर डिनर'मध्ये पुढे नुसतं जेवण. 'आफ्टर आय हॅड ईटन'मध्ये पुढे खाणारा आणि खाणं दोन्ही. 'ही डाइड सून आफ्टर'मध्ये पुढे पूर्णविराम. 'बिफोर' आणि 'सिन्स' यांनाही हीच कसोटी लावता येते. मंत्री का घसरले असतील तेही आपल्याला मराठीतून कळतं. आपण 'जेवणानंतर' म्हणतो आणि 'जेवल्यानंतर'ही म्हणतो. 'नंतर' दोन्हीकडे सारखाच चिकटतो आणि आपल्याला दोन वेगळ्या जाती मानायची गरज पडत नाही. पुलम यांचंही थोडंफार हेच म्हणणं आहे.

तेव्हा माझी पहिली विनंती : 'हा शब्द कोण आहे?' असं मुलाला विचारू नका. 'हा शब्द इथे काय करतोय?' असं विचारा. 'बॅक' म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तरच नाही. 'माय बॅक हर्ट्स' यात ती पाठ आहे, 'द बॅक डोअर' यात विशेषण, 'बॅक द कार' यात क्रियापद, 'कम बॅक' यात क्रियाविशेषण. 'फास्ट'सुद्धा 'फास्ट ट्रेन'मध्ये वेगळा, 'रन्स फास्ट'मध्ये वेगळा आणि आजीच्या एकादशीचा फास्ट आणखी वेगळा. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या वर्कबुकांवर माझा राग आहे तो याचसाठी. एका रकान्यात नाउन्स, दुसऱ्यात व्हर्ब्स, तिसऱ्यात ॲडव्हर्ब्स. मूल यादी घोकतं आणि पेपरात तोच शब्द वेगळ्या जागी दिसला की भांबावतं.

शब्दांच्या जाती आठ, हा आकडाही देवानं दिलेला नाही, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा. ग्रीक भाषेच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगणारं डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावानं ओळखलं जाणारं छोटं पुस्तक परंपरेनं इसवी सनाच्या आधीचं मानलं जातं. त्या आठांत विशेषण नव्हतंच, ते नामातच धरलं होतं. आर्टिकल मात्र होतं. रोमन लोकांनी ते व्याकरण लॅटिनला लावायला घेतलं तर लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. मग त्यांनी ती रिकामी जागा 'अरेरे', 'वाहवा' वगैरे उद्गारांना देऊन टाकली आणि संख्या आठची आठ ठेवली! लॅटिनच्या धर्तीवर इंग्रजीचं व्याकरण लिहिलं गेलं. 1795 साली आलेल्या लिंडली मरे यांच्या गाजलेल्या व्याकरणात जाती नऊ आहेत. आजची पाठ्यपुस्तकं 'डिटर्मिनर' नावाचा वेगळा गट काढतात. इंग्रजीच्याच वळणावर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिलं आणि आपल्या शालेय पुस्तकांतल्या आठ जाती तिथून रुळल्या. आपल्याकडच्या जुन्या लोकांची मोजणी वेगळीच होती. यास्काचं निरुक्त चारच प्रकार मानतं : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीचं तर दोनांतच भागलं. मुलांना हे ऐकायला आवडतं, कारण पुस्तकातली आकडेवारी माणसांनीच ठरवलेली असते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

शाळेतल्या आठांतली नाउन, प्रोनाउन, व्हर्ब ही मंडळी मुलांना फारशी छळत नाहीत. इंटरजेक्शनला उद्गारचिन्ह असतं, ते लांबूनच दिसतं. खरं भांडण आहे ते ॲडव्हर्बशी, आणि त्याला कारण आहे. 'क्विकली', 'टुमॉरो', 'हिअर', 'व्हेरी', 'ऑफन', 'नॉट', 'परहॅप्स' हे सगळे ॲडव्हर्ब. यांच्यात एकमेकांसारखं काय आहे, शोधून दाखवा! घरात ज्या वस्तूला कुठेच जागा सापडत नाही ती आपण माळ्यावर टाकतो. व्याकरणकारांनी ॲडव्हर्बचा तसा माळा करून ठेवला आहे. त्यात 'क्रियाविशेषण' या आपल्या नावामुळे मुलाला वाटतं, हा फक्त क्रियेबद्दल बोलणार. पण 'व्हेरी टॉल'मधला 'व्हेरी' उंचीबद्दल बोलतो, 'व्हेरी स्लोली'मधला 'व्हेरी' दुसऱ्या ॲडव्हर्बबद्दल बोलतो आणि 'फॉर्च्युनेटली, इट डिड नॉट रेन' यातला पहिला शब्द साऱ्या वाक्याबद्दल बोलतो. क्रियेबद्दल तर व्हेरी एकट्यानं कधी बोलतच नाही. मराठीत खूप उंच, खूप हळू आणि खूप आवडतं, तिन्हीकडे खूप चालतं, म्हणून मूल बिनधास्त 'आय व्हेरी लाइक इट' लिहून मोकळं होतं. तिथे 'आय लाइक इट व्हेरी मच' लागतं. त्याच 'खूप'पायी 'आय ॲम टू हॅपी'ही होतं, आणि 'टू'मध्ये 'नको इतकं' असा सूर आहे हे राहून जातं.

मुलांच्या वह्या तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतल्या कितीतरी अशाच मराठीच्या पोटातून आलेल्या असतात. त्या वेंधळेपणाच्या चुका नसतात. मुलानं आपल्या भाषेचा नियम बरोबर पाळलेला असतो, फक्त तो दुसऱ्या भाषेत पाळलेला असतो. 'शी प्लेज गुड' ही त्यातली पट्टराणी. मराठीत आपण काय म्हणतो? तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, मुलं चांगली खेळतात. सांगतोय खेळण्याबद्दल, पण 'चांगला' बदलतोय खेळणाऱ्याप्रमाणे, अगदी विशेषणासारखा. म्हणूनच आपल्या व्याकरणात असं बदलणारं ते नुसतं 'क्रियाविशेषण' आणि न बदलणारं ते 'क्रियाविशेषण अव्यय', असा भेद करतात. 'गोड गळा' आणि 'गोड गाते' यांत तर रूपही एकच. ज्या मुलाच्या कानात हे मुरलंय, त्याला 'गुड' आणि 'वेल' हे दोन वेगळे शब्द कशाला हवेत, हेच कळत नाही. त्याला ओरडू नका. 'चांगलं कोण? ती, की तिचं खेळणं?' एवढं विचारा. ती म्हटलं तर 'गुड', खेळणं म्हटलं तर 'वेल'. हॉलिवूडच्या सिनेमात 'गुड'ही ऐकू येईल, पण परीक्षेला नको.

आणि हे एकदा पक्कं झालं की मूल उत्साहात येऊन दुसऱ्या टोकाला जातं : 'द मँगो टेस्ट्स स्वीटली.' क्रियापदाला लागून आलं म्हणजे 'ली' लावायचं, असा त्याचा समज. इथे पुन्हा मराठीकडे या. आंबा गोड लागतो म्हणजे लागण्याची क्रिया गोड नाही, आंबा गोड आहे. लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम या क्रियापदांनंतर येतो तो शब्द बहुधा कर्त्याचं वर्णन करतो, म्हणून तिथे विशेषण. कसोटी सोपी आहे. क्रियापद काढून तिथे 'इज' किंवा 'वॉज' बसवा. 'द मँगो इज स्वीट' जुळलं, म्हणून 'टेस्ट्स स्वीट' बरोबर. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसत होता. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. पहिल्यात 'लुक' म्हणजे दिसणं, दुसऱ्यात पाहणं. मराठीनं या दोन क्रियांना दोन शब्द दिले आहेत. मराठी मुलाला ही गोष्ट इंग्रज मुलापेक्षा लवकर समजायला हवी खरं तर!

'ली'वर विसंबून राहण्याची सवय मात्र मोडायला हवी. 'शेवटी एल-वाय दिसलं की ॲडव्हर्ब' ही युक्ती क्लासात सर्रास सांगतात. ती अर्धी खरी आहे. मग मुलं 'फॅमिली', 'रिप्लाय', 'बटरफ्लाय' यांच्याखालीही रेघ मारतात. हे हसण्यावारी नेता येतं. 'फ्रेंडली', 'लोनली', 'सिली', 'अग्ली' यांचं काय करणार? ही चक्क विशेषणं आहेत. उलट 'फास्ट', 'हार्ड', 'लेट', 'स्ट्रेट' यांना एल-वाय नाही आणि हे ॲडव्हर्ब होतात. सातवी-आठवीच्या मुलाला याचं कारणही सांगता येईल. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक छोटा 'ए' जोडून ॲडव्हर्ब करत. काळाच्या ओघात तो स्वर झिजून गेला आणि 'हार्ड' दोन्हीकडे 'हार्ड'च राहिला. विशेषणं बनवणारा एक 'लिक' असा प्रत्यय होता आणि त्याचंच ॲडव्हर्बचं रूप 'लिके'. दोघेही झिजून झिजून आजच्या 'ली'वर आले. म्हणून फ्रेंडली विशेषण आणि स्लोली क्रियाविशेषण, तरी शेपूट एकच. लिहिताना तेवढं सांभाळायचं की, 'हार्ड' आणि 'हार्डली' यांचा आता एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. 'माय सन वर्क्स हार्ड' म्हणजे मुलगा मेहनती. 'माय सन हार्डली वर्क्स' म्हणजे चिरंजीव काडी हलवत नाहीत. 'लेट' उशिरा, 'लेटली' अलीकडे. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळजवळ. हे मात्र घोकावंच लागतं, इलाज नाही.

जागेचा घोळ वेगळा. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि बाकी सगळे त्याच्या आधी हवे तसे सरकतात : 'ती इंग्रजी छान बोलते', 'ती छान इंग्रजी बोलते', दोन्ही चालतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये सहसा कुणाला शिरू देत नाहीत. 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' हे कानाला टोचतं, 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' हवं. 'आय डेली ड्रिंक मिल्क' भारतभर ऐकू येतं; तिथे वाक्याच्या शेवटी 'एव्हरी डे' बरं. 'ऑलवेज', 'यूज्वली', 'नेव्हर' हे मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात आणि 'इज', 'आर' असले तर त्यांच्या नंतर. 'आय वेंट टू होम' तर घराघरात आहे. शाळेत गेलो, बाजारात गेलो, तसं घरी गेलो. मुलाला वाटतं तिथेही 'टू' लागणार. पण 'गो होम'मधला 'होम' स्वतःच ॲडव्हर्ब आहे, 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड' यांच्या पंगतीतला. 'गो टू देअर' कुणी म्हणत नाही, तसंच हे.

एका बाबतीत आपली मुलं जन्मतः पुढे आहेत. आपण गोष्ट सांगायला लागतो तेच मुळी 'रविवारी सकाळी आम्ही मामाकडे गेलो' असं. वेळ, स्थळ आधी, बाकी नंतर. इंग्लंडच्या शाळांत हे मुद्दाम शिकवतात, त्याला 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' असं भारदस्त नाव आहे. 2020-21 च्या लॉकडाऊनमध्ये मुलांना घरी शिकवायची वेळ आली तेव्हा तिकडचे आई-बाबा या नावानं इतके वैतागले की त्यांचे चेष्टेचे आणि चिडीचे सूर सोशल मीडियावर बराच काळ उमटत होते. आपल्या मुलाला एवढंच सांगायचं की, सुरुवातीच्या त्या तुकड्यानंतर स्वल्पविराम दे.

'ओन्ली'साठी तर मराठीसारखा गुरू नाही. जेवताना गंमत म्हणून ही तीन वाक्यं मुलापुढे ठेवा : 'मीच पोळी खाल्ली', 'मी पोळीच खाल्ली', 'मी पोळी खाल्लीच'. पहिल्यात दुसऱ्या कुणी खाल्ली नाही. दुसऱ्यात भात-भाकरी खाल्ली नाही. तिसऱ्यात 'नको म्हणत होतात, तरी खाल्ली' असा हट्ट आहे. आता याचं इंग्रजी करायला सांगा. पहिलं 'ओन्ली आय', दुसरं 'ओन्ली अ चपाती', आणि तिसऱ्याला 'ओन्ली' चालतच नाही, तिथे 'आय डिड ईट इट' असं 'डिड'वर जोर देऊन म्हणावं लागतं. ॲडव्हर्बची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे शिकवायला मला याहून चांगलं साधन माहीत नाही, आणि त्यासाठी तुम्हाला इंग्रजीचा एकही नियम पाठ असायची गरज नाही.

मला सगळ्यात जास्त रमायला होतं ते पुढच्या गोष्टीत. मराठी क्रियाविशेषणांची श्रीमंती आपल्या लक्षातच येत नाही. बाळ दुडूदुडू धावतं, उंदीर तुरुतुरु पळतो, म्हातारा पाय ओढत चालतो, पाटील ऐटीत चालतो, चोर दबकत येतो. मूल मुळूमुळू रडतं, बाई ढसाढसा रडते. ताक गटागटा प्यायचं, चहा घोट घोट घ्यायचा. क्रियापदं अगदी साधी : धावणं, पळणं, चालणं, येणं, रडणं, पिणं, घेणं. सगळी चव त्यांच्या आधीच्या शब्दात. इंग्रजी बऱ्याचदा याच्या उलट करतं, ती चव क्रियापदातच कालवून ठेवतं. बाळाचं 'टॉडल', उंदराचं 'स्करी', पाय ओढत जाण्याचं 'शफल', ऐटीचं 'स्ट्रट', दबकत येण्याचं 'क्रीप', मुळूमुळूचं 'व्हिम्पर', ढसाढसाचं 'सॉब', गटागटाचं 'गल्प', घोट घोटचं 'सिप'. म्हणून आपलं मूल 'द थीफ केम स्लोली स्लोली' लिहितं. 'हळूहळू' त्याच्या डोक्यात वाजत असतं आणि तेवढं वजन इंग्रजीत आणायचा तो प्रामाणिक प्रयत्न असतो. 'चोर नेमका कसा आला? दाखव करून', असं म्हणा. ते दबकत चालून दाखवेल. मग 'क्रीप' हा शब्द हातात द्या. तो विसरला जात नाही.

शाळेत निबंधात ॲडव्हर्ब घालायला लावतात, घातले की मार्क मिळतात. लिहून पोट भरणारे लोक मात्र ते काढायच्या मागे असतात. स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकारानं 'ऑन रायटिंग' या 2000 सालच्या पुस्तकात ॲडव्हर्बवर चांगलीच झोड उठवली आहे. क्रियापद नीट निवडलं की त्यांची फारशी गरज उरत नाही, असं त्याचं मत. मला ते मत जरा कडक वाटतं, पण पाचवीतल्या मुलाच्या निबंधातल्या 'व्हेरी व्हेरी ब्युटिफुली' वाचून कंटाळा येतो तेव्हा किंगची आठवण येते.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं ठीक, पण व्याकरण पक्कं झालं की इंग्रजी सुधारेल ना? इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनं 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असं म्हटलं होतं की, निव्वळ व्याकरण शिकवून मुलांचं लेखन सुधारत नाही. उलट लिहिण्याचा वेळ खाल्ला जातो म्हणून नुकसानही होऊ शकतं. 2004 मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तोवरचं संशोधन पुन्हा चाळलं. नुसत्या वाक्यरचनेच्या नियमांनी फायदा होतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र छोटी छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायचा सराव उपयोगी पडतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा रेघ मारलेल्या शब्दाची जात ओळखून दोन मार्क मिळतील, जरूर मिळवा. पण उरलेल्या वेळात मुलाला वाक्यं जोडू द्या, मोडू द्या, गोष्टी वाचू द्या. 'इट वॉज रेनिंग. वी वेंट आउट.' ही दोन वाक्यं 'ऑल्दो'नं जोडून, मग 'स्टिल' वापरून, मग 'बट'नं जोडून बघितली की कंजंक्शन आणि ॲडव्हर्ब यांतला फरक व्याख्येविना कळतो. 'ऑल्दो' आणि 'बट' वाक्यं जोडतात. 'स्टिल'ला ते जमत नाही, त्याच्या आधी पूर्णविराम तरी लागतो नाही तर 'बट'.

घरात विद्यार्थ्यांसाठीचा एक बरा इंग्रजी शब्दकोश असू द्या, जाडजूड नको. शब्दापुढे त्याची जात संक्षेपात छापलेली असते. 'वेल' काढून बघा : विहीरही तिथे, बरं असणंही तिथे, नीट खेळणंही तिथे. प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य दिलेलं असतं. अर्थ बाजूला ठेवून आधी ते वाक्य मोठ्यानं वाचायची सवय लावा. शाळेनं दिलेलं उत्तर आणि शब्दकोशातलं उत्तर जुळलं नाही तर लगेच ग्रुपवर बाईंच्या नावानं मेसेज टाकू नका. एकाच शब्दाची विभागणी दोन पुस्तकांत वेगळी असू शकते. परीक्षेपुरतं शाळेचं पुस्तक प्रमाण मानायचं, हे मुलाला खुल्या मनानं सांगितलं की त्यालाही पटतं.

आणि शेवटची विनंती. पुढच्या वेळी तपासलेला पेपर घरी येईल तेव्हा मार्कांचा आकडा पाहून झाला की चुकलेलं एक वाक्य निवडा, मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, 'तुला इथे मराठीत काय म्हणायचं होतं?' त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत लाल पेन हातात घेऊ नका.